मुराळी आप्पा

स्वातंत्र्याच्या लढ्यात मी भाग घेतलेला आहे. असं मी म्हणत नाही, आप्पा गोरड म्हणतात. आणि आप्पा भर सभेत जे म्हणतात ते आमच्याकडे सहसा कुणी खोडून काढत नाही. खरी हकिकत एवढीच की मी एका बैलगाडीत बसले होते आणि घाबरून रडले होते. कुणी तुरुंगात गेलं, कुणी गोळ्या झेलल्या, मी रडले. एवढ्या भांडवलावर मला गावोगाव हार घातले गेले आहेत. हार घालून घेताना मान किती वाकवायची हे मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक हार माझ्या चष्म्यात अडकतो.

आप्पा वडूजच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरणारं. कळप शाळेच्या गावात होता तोवर शिकले, मग तो दुसऱ्या गावाला गेला आणि शिक्षण संपलं. उंच, काटक, खांद्यावर काळं घोंगडं. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, पुढे निवडून मुंबईच्या असेंब्लीत गेले, तरी घोंगडं सुटलं नाही. असेंब्लीतल्या खुर्चीवर त्यांच्या पायाला मुंग्या येत. "तिथं लय मोठी मोठी माणसं बोलत्यात," ते मला सांगत, "आन माजं समदं ध्यान पायाकडं. परवा मत द्यायला हात वर करा म्हणले, तर म्या पाय झाडला."

माझी आणि त्यांची गाठ रोज पडायची, कारण त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. माझे वडील साताऱ्यात वकील. आमची उसाची शेती आणि वडिलांची वकिली यांतून उरलेल्या हौसेपोटी त्यांनी मला पाचगणीच्या कॉन्व्हेंटात घातलं. तिथून मी काय घेऊन बाहेर पडले? पाठ ताठ ठेवून बसणं, गुडघे जुळवून ठेवणं, अनोळखी माणसाशी न बोलणं, आणि जवळ नेहमी एक स्वच्छ रुमाल बाळगणं. अजूनही मी मनातली बेरीज इंग्रजीत करते आणि चुकते मात्र मराठीत. अशा मुलीचं काय करायचं हा प्रश्न घरात होताच. आप्पा निवडून आल्यावर वडिलांनी आमची बाहेरची खोली आणि मी, अशा दोन्ही गोष्टी त्यांना वापरायला दिल्या.

पत्र सांगायची आप्पांची रीत ठरलेली. भिंतीला टेकून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसायचे. फुटाणे खात सांगायचे, "सायबाला म्हणावं, तळ्याचं काम कवाधरनं सांगतोय, आता लय झालं." मी लिहायची की आपलं कृपाळू लक्ष नम्रपणे वेधू इच्छितो. मग ते म्हणायचे, "वाच." मी इंग्रजी वाचायची. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नसे, पण ते डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकत. शेवटी डोळे उघडून विचारत, "मडमताई, ह्यात राग कुठं हाय?"

"शेवटच्या ओळीत आहे," मी म्हणायची.

"मला न्हाई ऐकू आला. पुन्यांदा वाच. जरा वरडून."

मी ओरडून 'आपला आज्ञाधारक सेवक' असं वाचायची. ते समाधानानं मान हलवायचे.

भेटायला येणाऱ्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पाऊस कसा हाय तुमच्याकडं?" कलेक्टरलाही त्यांनी तोच विचारला होता. कलेक्टर गोंधळून खिडकीबाहेर बघायला लागले. आणि पुढाऱ्यानं कसं वागावं याबद्दल त्यांचं एक मत होतं, ते मी त्यांच्या तोंडून वारंवार ऐकलं आहे. "मेंढक्या कळपाच्या म्होरं चालत न्हाई, मागनं चालतो. मागनं समदी दिसत्यात. लंगडं कोण, मागं ऱ्हायलं कोण." मग थोडं थांबून, "आन म्होरं चाललं तर लांडगा आधी आपल्यालाच खातो, त्ये येगळंच."

आता ती बैलगाडी.

चळवळ ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. शाळा संपवून मी पंचमीला आत्याकडे गेले होते. आत्याचं गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या अलीकडे. तिच्या घरी माळ्यावर कुणीतरी पाहुणा आहे आणि त्याची भाकरी वर जाते एवढंच मला कळलं होतं. कोण आहे हे मी विचारलं नाही, कारण न विचारणं हाच माझा स्वभाव. एका सकाळी बातमी आली की पोलीस गावं घेरत येत आहेत. पूल ओलांडून सांगली संस्थानच्या हद्दीत गेलं की इंग्रजी पोलिसांना सहजी हात घालता यायचा नाही. पण पुलाच्या रस्त्यावर नाका बसला होता.

आत्यानं वाट काढली. पंचमीचे दिवस, सासुरवाशिणींना माहेरी न्यायला घरोघर मुराळी येतात. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. गाडी जुंपतात, पोरीला बसवतात आणि निघतात. अशा गाड्या त्या दिवसांत इतक्या असतात की पोलीस तरी किती अडवणार? पाहुणा मुराळी होणार, आत्याची सून सासुरवाशीण होणार. ऐनवेळी सुनेला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिला दिवस गेले आहेत हे घरात त्याच सकाळी कळलं. आत्यानं घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"इंदे, तू बस."

"मी? आत्या, मला काही बोलता येणार नाही."

"न्हाईच बोलायचं. नवी पोर कुठं बोलती? तुज्यासारखी मुकी आनखी कुठं गावायची मला?"

मला नऊवारी नेसवली, हिरव्या बांगड्या चढवल्या, कपाळ भरून कुंकू लावलं. चष्मा काढून आत्यानं फडताळात ठेवला. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्यातला माझा वाटा मी स्वतः नीटसा पाहिलेला नाही. माळ्यावरून एक उंच काळी आकृती उतरली, पटका बांधलेली, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळून निघाली. हीच आप्पांची आणि माझी पहिली भेट.

नाका आला. एक खाकी ढग गाडीजवळ आला आणि बोलला. तो हवालदार होता.

"कुठनं आलासा?"

आप्पांनी गाव सांगितलं. ढग माझ्याकडे वळला. "तुजं माहेर कुठलं गं पोरी?"

उत्तर मला पाठ होतं. पण त्या क्षणी डोक्यात फक्त इंग्रजी वाक्यं येत होती, तीही वर्गात उठून म्हणायची. ती तोंडातून निसटू नयेत म्हणून मी ओठ दाबले, आणि ओठ दाबल्याबरोबर डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कमरेला खोचलेला रुमाल काढून मी डोळे टिपले, पण पाणी थांबेना.

"आरं," हवालदार म्हणाला, "माहेरला निघाल्याली पोर रडती व्हय? सासरला जाताना रडत्यात!"

मी चुकीच्या दिशेला रडत होते.

आप्पा शांतपणे म्हणाले, "आवं हवालदारसायब, सासू लय खाष्ट हाय हिची. ह्ये सुटकंचं रडू हाय."

खाकी ढग पुढे आप्पांकडे सरकला. बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. मग हवालदार म्हणाला, "जावा. पर म्होरं उजव्या अंगानं जाऊ नगा, चिखोल लय हाय. डाव्या अंगानं मळ्यातनं घ्या."

आम्ही डाव्या अंगानं गेलो आणि पूल ओलांडला. संपली माझी देशसेवा.

पण आप्पांच्या तोंडी ती संपली नाही, तिथून सुरू झाली. लोकांना आप्पांची भाषणं आवडत, पण खरी भूक असे ती मुराळ्याच्या गोष्टीची. भाषण लांबलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "आप्पा, मुराळी हुंद्या!" आणि आप्पा घोंगडं सावरून सुरुवात करायचे. दरवेळी गोष्ट थोडी वाढायची. माझं रडणं हुंदक्यांवर गेलं, मग हंबरड्यावर. "पोरीनं आसं सोंग आणलं, आसं सोंग आणलं," ते म्हणायचे आणि व्यासपीठाच्या कोपऱ्यात लपलेल्या माझ्याकडे बोट करायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी चष्म्यातून हार सोडवत बसायची. पण सगळ्यांत जास्त हशा पिकायचा तो हवालदारावर. आप्पा पोट पुढे काढून, मिशीला पीळ देत त्याची नक्कल करायचे. "आन गड्यानूं, त्या येड्यानं मला धरायचं सोडून मलाच वाट दाखीवली! म्हणला, चिखोल हाय, डाव्या अंगानं जावा!" सभा लोळायची. त्याच गोष्टीवर आप्पा निवडून आले असं विरोधक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. लोक त्यांना मुराळी आप्पाच म्हणू लागले.

स्वराज्य आलं, सांगली संस्थान विलीन झालं. त्यानंतर एकदा आषाढाच्या अखेरीला आमच्या बाहेरच्या खोलीत एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावरून पदर. आप्पांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पाऊस कसा हाय बाई तुमच्याकडं?"

"पाऊस बरा हाय. माणसंच आटल्यात," ती म्हणाली. "म्या माने हवालदाराची बायकू. तुमी सभंत ज्यांची नक्कल करतासा त्यांची."

आप्पांच्या हातातले फुटाणे हातातच राहिले.

ती भांडायला आली नव्हती. तिची लेक यशोदा तासगावच्या बाजूला दिलेली होती. सासरा रंगू पाटील आप्पांचा मोठा भक्त. हवालदार पेन्शनीत निघाल्यापासून पाटलानं सुनेला माहेरी धाडणं बंद केलं होतं. आप्पांना धरायला ज्यानं नाका लावला, त्याच्या उंबऱ्याला आमची सून जाणार नाही, असं त्यानं चावडीवर सांगितलं होतं. पंचमी आली की लेक वाट बघायची, इकडे आई वाट बघायची. हवालदाराला गावात पोरंसुद्धा मागून ओरडत, "डाव्या अंगानं! डाव्या अंगानं!"

"आन आप्पा," बाई खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांनी तुमास्नी वळखलं हुतं. घरी येऊन मला सांगितलं हुतं. उजव्या अंगाला चिखोल न्हवता. बंदुका घिऊन सायब बसला हुता."

मग आप्पांनी सावकाश विचारलं, "कशावरनं वळखलं?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "ह्याच व्हय त्या? त्ये म्हणले, पोर गाडीत खुर्चीवर बसल्यावाणी ताठ बसली हुती. आन डोळं पुसाय रुमाल काढला. आमच्यातली पोर पदरानं डोळं पुसती. रुमाल कुठली काढती? मग म्होरं मुराळ्याकडं नीट बघितलं, तर हुलिया जुळला."

माझ्या हातात त्या क्षणीही रुमाल होता. तो मी हळूच टेबलाखाली नेला.

"मग त्यांनी ह्ये कवाच का सांगितलं न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"म्या म्हणलं की सांगा. तर म्हणले, सरकारचं मीठ खाल्लं आन सरकारला फशिवलं, त्याचं आता कौतिक करून घिऊ व्हय? म्या हितं आलीया त्ये बी त्यांस्नी ठावं न्हाई."

बाई गेली. मग आप्पांना हसू फुटलं, आणि ते खोकला येईपर्यंत हसले. "मडमताई, म्हंजी येडा त्यो न्हवं, म्या. आन गावोगाव फिरून म्याच लोकास्नी सांगत सुटलोय, की बघा, येडा कोण!"

मला हसू आलं नाही. इतके दिवस मी मनातून मानत होते की माझं रडणं निदान उपयोगी तरी पडलं. आता कळलं की मी आप्पांना जवळजवळ पकडूनच दिलं होतं, तेही लेस लावलेल्या रुमालानं.

पेच पुढेच होता. चार दिवसांनी सांगलीत हळदीच्या पेठेत मोठी सभा होती. मुंबईहून पक्षाचे बडे पुढारी येणार होते. मंत्रिमंडळात आमच्या भागातला एक माणूस घ्यायचा होता आणि आप्पांचं नाव पुढे होतं. माणसाच्या मागे लोक किती आहेत ते डोळ्यांनी बघायला ही मंडळी येत होती. माझ्या वडिलांनी आप्पांना समोर बसवलं.

"आप्पा, हवालदाराचं काम खाजगीत करा. रंगू पाटलाला बोलावून घ्या, सांगा, सुनेला धाड. तुमचा शब्द तो मोडणार नाही. सभेत मात्र ती गोष्ट नेहमीसारखीच होऊ द्या. लोक तुमच्या हुशारीवर भाळलेत. पाहुण्यांसमोर स्वतःचंच हसं कशाला?"

आप्पा घोंगड्याची दशी पिळत राहिले. "वकीलसायब, तुमचं खरं हाय. मंत्री झालो तर तळं हुईल आमच्याकडं. त्ये बी खरं हाय." जरा थांबून म्हणाले, "पर हसवलं भर पेठंत, आन माफी मागायची खाजगीत व्हय?"

सभेला पेठ भरून गेली होती. गुळाच्या अडत्यांच्या गाद्यांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, गाड्यांच्या जुवांवर माणसं बसली होती. पुढच्या रांगेत फेटा बांधलेला रंगू पाटील होता. आप्पांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर. मी नेहमीप्रमाणे खांबाआड.

भाषण अर्ध्यावर आलं आणि मागून हाळी आली, "आप्पा, मुराळी हुंद्या!"

आप्पांनी गोष्ट सुरू केली. माळा, गाडी, नाका. लोक हसायला तयार होऊन बसले. "आन त्या हवालदारानं म्हणलं, डाव्या अंगानं जावा." हशा फुटला. आप्पा हसले नाहीत. हशा विरेपर्यंत थांबले.

"आता फुडचं ऐका. ह्ये तुमास्नी कवा सांगितलं न्हाई, कारण मलाच ठावं न्हवतं. उजव्या अंगाला चिखोल न्हवता. बंदुका हुत्या. माने हवालदारानं मला वळखलं हुतं, आन वळखून सोडलं. म्या लय हुशार, लय सोंगाड्या, आसं मला वाटायचं. तुमास्नी बी वाटायचं. आरं, म्या त्याच्या दयेवर जगलो, आन त्याच्याच मिशीची नक्कल करून तुमची मतं घेतली!"

एका पाहुण्यानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. कुणीतरी मागून ओरडलं, "कशावरनं, आप्पा? हवालदार आता थापा मारतोय!"

रंगू पाटलानंही मान डोलावली. सगळं तिथेच अडकलं. आप्पांनी वळून खांबाकडे पाहिलं. "कशावरनं त्ये आमच्या मडमताई सांगत्याल. त्या गाडीत हुत्या."

मी आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. मी खांबाआडून पुढे आले. समोर माणसांचा समुद्र, आणि यावेळी दुर्दैवानं डोळ्यांवर चष्मा होता. डोक्यात पुन्हा ती वर्गात म्हणायची इंग्रजी वाक्यं रांगेनं उभी राहिली. रंगू पाटील माझ्याकडे रोखून बघत होता. मी रुमाल काढून वर धरला.

"मी ह्यानं डोळे पुसले होते," मी म्हणाले. "पदरानं नाही."

एवढंच. माझं पहिलं आणि शेवटचं भाषण. पण पेठेतल्या बायकांना ते पुरलं. बायकांच्या बाजूनं आधी खुसखुस आली, मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! मग हवालदार न्हाई वळखणार तर काय? आंधळ्यानं बी वळखलं आस्तं!" आणि सगळी पेठ हसली. हवालदाराला नाही, आप्पांना आणि मला. आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मग ते व्यासपीठाच्या कडेला येऊन उकिडवे बसले आणि रंगू पाटलाला म्हणाले, "पाटील, परवा म्या तुमच्या दारात मुराळी म्हणून येणार हाय. पोर धाडतासा न्हवं?"

रंगू पाटलानं फेटा सावरला. "गाडी कशाला आणतासा आप्पा," तो म्हणाला, "माजीच जुंपतो की."

मंत्रिपद दुसऱ्याला मिळालं. पाहुण्यांपैकी एकानं वडिलांना सांगितलं म्हणे, की माणूस चांगला आहे, पण जरा भोळा आहे. त्या सभेमुळे गेलं की घोंगड्यामुळे, ते मला ठाऊक नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "बरं झालं. मंत्र्याची खुर्ची लय मऊ आस्ती म्हणत्यात. पायच काय, मुंग्या डोक्यापातूर आल्या आस्त्या." तळ्याचं मात्र त्यांना लागून राहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी मला तळ्याचं आणखी एक पत्र सांगितलं, आणि त्यात राग कुठे आहे ते विचारलं नाही. मी यावेळी खरंच घातला होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी हवालदारांच्या बायकोनं मला बोलावलं होतं. त्यांचं घर पुलाच्या रस्त्यालाच. माने हवालदारांना मी त्या दिवशी पहिल्यांदा चष्म्यातून पाहिलं. ढग नव्हता, बारीकसा माणूस होता, मिशी पांढरी. सभेचं बोलणं कुणी काढलं की ते उठून आत जात होते. दुपारनंतर मात्र जुनी खाकी टोपी घालून रस्त्याकडेला जाऊन उभे राहिले. कशाला, म्हणून बायकोनं विचारलं तर म्हणाले, "उगं."

पुलावरून गाडी आली. आप्पा हाकत होते, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. मागे हिरव्या बांगड्यांची यशोदा, मांडी घालून, गाडीच्या हिसक्यांबरोबर डुलत बसलेली. हवालदार रस्त्याच्या मधोमध आले आणि त्यांनी हात वर केला. गाडी थांबली.

"कुठनं आलासा?"

आप्पांनी गाव सांगितलं.

हवालदार पोरीकडे वळले. ती रडत होती, अगदी हुंदके देऊन. "आरं," ते म्हणाले, "माहेरला आल्याली पोर रडती व्हय?"

"सुटकंचं रडू हाय, हवालदारसायब," आप्पा म्हणाले आणि कासरा सैल सोडून गाडीवरून खाली उतरले.

यशोदानं डोळे पुसले. पदरानं.